पाळी पुढे ढकलण्याच्या आणि थांबवण्याच्या गोळ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण सरत आला की किनारपट्टीवरच्या औषधांच्या दुकानांत एका विशिष्ट गोळीची मागणी वाढू लागते. गौरी-गणपती तोंडावर आलेले असतात, चाकरमानी घरी यायचे असतात, नैवेद्यापासून ओवशापर्यंतची (गौरीला सुपे वाहण्याच्या विधीपर्यंतची) सगळी जबाबदारी एखाद-दुसऱ्या बाईच्या अंगावर असते आणि नेमकी त्याच दिवसांत तिची तारीख येते. मग शेजारीण गोळीचे नाव सांगते, जाऊ सांगते, नाहीतर दुकानदारच पट्टी कापून हातात ठेवतो. बहुतेक निरोगी स्त्रियांना ही गोळी चालते, हे सुरुवातीलाच सांगायला हवे. काळजी वाटते ती या गोष्टीची की, गोळी हातात पडेपर्यंत त्या बाईला कोणीही एक प्रश्न विचारलेला नसतो. दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या स्त्रियांच्या मनात या गोळ्यांविषयी जे प्रश्न असतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी ती वाचावीत आणि मगच जावे, एवढाच त्यांचा उपयोग आहे. तपासणीची जागा ती घेऊ शकत नाहीत.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणि गर्भनिरोधक गोळी या दोन्ही एकच आहेत का?

नाहीत, आणि हा घोळ सर्वांत आधी मिटवायला हवा. सणासाठी जी गोळी सर्रास दिली जाते तिच्यात नॉरेथिस्टेरॉन नावाचे एकच संप्रेरक (हॉर्मोन) असते आणि तिची मात्रा बहुधा ५ मिलिग्रॅम असते. हे संप्रेरक १९५१ मध्ये मेक्सिको शहरातील एका प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले. पुढे गर्भनिरोधक गोळ्यांमध्येही ते वापरले गेले. परंतु सणापुरती ती पट्टी घेतल्याने गर्भधारणा टळते असे समजू नये.

दुसरा प्रकार म्हणजे रोज घ्यायची मिश्र गर्भनिरोधक गोळी. प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळणारी माला-एन आणि बाजारात मिळणारी माला-डी ही तिची सर्वांच्या परिचयाची उदाहरणे आहेत. त्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ पांढऱ्या गोळ्यांमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि एथिनिल इस्ट्राडिऑल ही दोन संप्रेरके असतात, तर उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्या केवळ लोहाच्या असतात. पाकिटाच्या शेवटी जो रक्तस्राव होतो, तो या ७ दिवसांत संप्रेरक पोटात जात नाही म्हणून होतो.

गोळीमुळे पाळी लांबते ती नेमकी कशी?

गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक अस्तर तयार होते. महिन्याच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेनमुळे ते वाढते, बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे ते मऊ होते व टिकून राहते, आणि गर्भ राहिला नाही तर या दोन्ही संप्रेरकांची पातळी खाली येऊन अस्तर सुटते, हीच पाळी. नॉरेथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते. शरीरातील प्रोजेस्टेरॉन कमी होण्याच्या आधीच ते बाहेरून मिळू लागले, तर अस्तर जागच्या जागी टिकते. गोळी बंद केली की आधार सुटतो आणि दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणूनच गोळी वेळेआधी सुरू करण्याला इतके महत्त्व आहे : अस्तर सुटायला लागल्यावर त्याला धरून ठेवणे अवघड होते.

न आलेल्या पाळीचे रक्त पोटात साचून राहते का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारते, आणि विचारणारीच्या मनात खरी भीती असते. पाळीचे रक्त म्हणजे शरीरातील घाण, ती महिन्याच्या महिन्याला बाहेर पडलीच पाहिजे, नाहीतर ती अंगावर येते, डोक्यात चढते, गाठी होतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वस्तुस्थिती अशी की गर्भाशय ही रक्त साठवण्याची जागा नव्हे. अस्तर सुटते तेव्हाच रक्त येते. अस्तर सुटलेच नाही, तर साचायला रक्त तयारच होत नाही. पाळीच्या वेळी जाणारे रक्त आपल्या नसांतून वाहणाऱ्या रक्तापेक्षा घाणेरडे नसते; त्यात अस्तराचे तुकडे आणि थोडा स्राव मिसळलेला असतो, इतकेच.

सणासाठी आठवडाभर लांबवलेली पाळी नंतर येते तेव्हा काहींना किंचित जास्त जाते, कारण तेवढे दिवस टिकलेले अस्तर एकदम सुटते. मिश्र गोळी सलग घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तर उलट घडते : त्यांचे अस्तर पातळच राहते आणि त्यामुळे महिनोन्महिने रक्त गेले नाही तरी काही बिघडत नाही.

येथे एक फरक मात्र नीट लक्षात घ्यावा. कोणतीही गोळी न घेता ज्या स्त्रीची पाळी तीन-तीन महिने येत नाही, तिची गोष्ट वेगळी असते. बीजकोशाच्या विकारात, म्हणजे ज्याला सगळे पीसीओएस म्हणतात त्यात, बीज वेळेवर सुटत नाही, प्रोजेस्टेरॉन मिळत नाही आणि अस्तर नुसते वाढत राहते. अशा बाईने "गोळी घेणाऱ्यांची नाही येत, तशी माझी नाही आली" असे म्हणून गप्प बसू नये. तिची तपासणी व्हायलाच हवी.

गणपतीसाठी नॉरेथिस्टेरॉन नेमकी कधी सुरू करावी?

पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी. नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा अशी असते आणि ती साधारण दहा ते चौदा दिवसांपर्यंत दिली जाते. समजा, तुमची तारीख १५ सप्टेंबर आहे. तर १२ तारखेला सकाळपासून गोळी सुरू करावी, सकाळ-दुपार-रात्र अशी वेळ ठरवून ती घ्यावी, आणि २१ तारखेला रात्री शेवटची गोळी घेतली तर २३-२४ तारखेच्या सुमारास पाळी येईल असे धरून चालावे.

हे गणित जमते ते तारीख नक्की माहीत असेल तरच. त्यामुळे "गेल्या महिन्यात अमावास्येच्या आसपास आली होती" एवढ्यावर भागत नाही. कोकणातल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते आणि दूध, गॅस, भिशी यांच्या नोंदींमध्येच कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली एक बारीक फुली असते. ती फुली फार मोलाची आहे. मागच्या तीन-चार महिन्यांच्या फुल्या मोजल्या की दोन पाळ्यांमध्ये किती दिवस जातात ते कळते, आणि २६ दिवसांनी येणारी पाळी ३० दिवसांनी येईल असे समजून उशिरा गोळी सुरू करण्याची चूक टळते.

गोळी सणाच्या धावपळीत चुकण्याचीच शक्यता जास्त असते. दुपारची पंगत उठेपर्यंत चार वाजतात आणि गोळी राहून जाते. आठवण होताच ती घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळच आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी, पण दोन एकदम घेऊ नयेत. एखादी चुकली तर हलके डाग दिसू शकतात.

तारीख उद्यावरच आली असेल किंवा पाळी सुरू झाली असेल तर?

तारीख उद्यावर असताना सुरू केलेली गोळी कधी लागू पडते, कधी पडत नाही. पाळी सुरू झाल्यानंतर या मात्रेत ती घेऊन रक्त हमखास थांबेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. थांबत नाही म्हणून स्वतःच्या मनाने सहा-सहा गोळ्या घेणाऱ्याही आहेत. तसे अजिबात करू नये.

माला-एन आधीपासून चालू आहे. तिच्यावरच पाळी टाळता येते का?

येते, आणि ज्यांची ही गोळी चालू आहे त्यांच्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे. २१ पांढऱ्या गोळ्या संपल्या की गडद रंगाच्या ७ गोळ्या बाजूला ठेवाव्यात आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी सुरू करावी. मध्ये खंड पडला नाही तर रक्तस्राव होत नाही आणि गर्भनिरोधनही चालू राहते. वेगळी नॉरेथिस्टेरॉन घेण्याची गरज नाही. बाजूला ठेवलेल्या लोहाच्या गोळ्या फेकू नयेत. रक्त कमी असेल तर डॉक्टरांना विचारून त्या स्वतंत्रपणे घेता येतात.

मध्ये ७ दिवसांचा खंड ठेवण्याची पद्धत कोठून आली, हे ठाऊक असले म्हणजे मनातली शंका कमी होते. अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा तिचे चक्र नैसर्गिक पाळीसारखे दिसावे आणि दर महिन्याचे रक्त पाहून स्त्रियांना दिलासा मिळावा, अशी तिच्या कर्त्यांची धारणा होती. शरीराला त्या रक्तस्रावाची गरज होती म्हणून खंड ठेवला गेला असे नाही. ८४ दिवस सलग गोळ्या आणि मग ७ दिवस खंड, अशा रचनेच्या गोळीला तेथे २००३ मध्ये मान्यता मिळाली, तर वर्षभर खंडच नसलेल्या गोळीला २००७ मध्ये. ब्रिटनमधील स्त्री-आरोग्य व कुटुंबनियोजनाच्या तज्ज्ञ संस्थेनेही २०१९ मध्ये स्पष्ट केले की, ७ दिवसांच्या खंडाने आरोग्याला काही फायदा होत नाही.

आमच्या घरी गणपती एकवीस दिवस असतो. तेवढे दिवस पाळी लांबवता येईल का?

दीड, पाच किंवा सात दिवसांच्या गणपतीसाठी नॉरेथिस्टेरॉन पुरते. अकरा दिवसांना ते ओढूनताणून बसते. एकवीस दिवसांसाठी मात्र तो योग्य मार्ग नाही. तेथे मिश्र गोळी आधीच्या पाळीपासून, म्हणजे पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करून ती सणभर सलग घेणे अधिक सोयीचे आणि खात्रीचे ठरते. याचा अर्थ असा की भाद्रपदातल्या सणाचा विचार श्रावण लागण्याआधी, आषाढात करायला हवा. आणखी एक उपाय फारसा कोणी विचारत नाही : पाळी पुढे ढकलण्याऐवजी डॉक्टरांच्या मदतीने ती आधी आणणे. महिना-दीड महिना हाताशी असेल तर गोळ्यांचे दिवस असे बसवता येतात की रक्तस्राव चतुर्थीच्या आठवडाभर आधीच होऊन जाईल आणि सणाच्या दिवसांत कोणतीही गोळी घ्यावी लागणार नाही. ज्यांना गोळीने मळमळते त्यांना हे विशेष बरे पडते, कारण मोदकांची उकड काढताना अन्नावरची वासना उडालेली असणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

नॉरेथिस्टेरॉन चालू असताना गर्भ राहू शकतो का?

राहू शकतो. एरवी मुंबईला असणारे नवरे याच दिवसांत गावी येतात, आणि गोळी चालूच आहे म्हणून काळजी नाही असे अनेक जोडपी समजतात. पाळी लांबवण्यासाठी सुरू केलेली ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरू नये. त्या दिवसांत निरोध वापरावा. गोळी सुरू करण्यापूर्वी गर्भ राहिलेला नाही याचीही खात्री करून घ्यावी, कारण गर्भारपणात हे औषध घेऊ नये. संशय असेल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळणाऱ्या निश्चय किटवर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

या गोळ्या कोणी घेऊ नयेत?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच खरे तर ही माहिती लिहिली आहे. मिश्र गोळीतील इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. नॉरेथिस्टेरॉनमध्ये इस्ट्रोजेन नाही म्हणून ती सगळ्यांना चालते, असा समज डॉक्टरांमध्येही आढळतो. पण शरीरात गेल्यावर तिच्या थोड्या भागाचे एथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये रूपांतर होते. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नॉरेथिस्टेरॉन घेतले तर त्यातून तयार होणारे इस्ट्रोजेन २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या मिश्र गोळीइतके भरते. सणासाठी घेतली जाणारी मात्रा १५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे जिला मिश्र गोळी चालत नाही, तिने ही "साधी" गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

धोका किती, हेही नेमकेपणाने सांगायला हवे, नाहीतर विनाकारण घबराट होते. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण दोघींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची मिश्र गोळी घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमध्ये हा आकडा पाच ते सात असतो. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका त्याहून जास्त असतो. निरोगी, तरुण बाईसाठी हा धोका कमीच आहे. पण पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, आईला अथवा बहिणीला तरुणपणी तसे झाले असेल, रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असेल, डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारख्या रेषा दिसणारी अर्धशिशी असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, यकृताचा आजार असेल, नुकतेच बाळंतपण झाले असेल किंवा वयाच्या पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तर त्या बाईने या गोळ्या घेऊ नयेत किंवा डॉक्टरांनी पूर्ण विचार केल्यावरच घ्याव्यात. तंबाखू विडीतून ओढत नसाल पण मशेरी लावत असाल, तर तेही लाजेने लपवू नये. डॉक्टरांना ते कळलेच पाहिजे.

चालू असलेली औषधेही सांगावीत. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन यांमुळे या संप्रेरकांचा परिणाम घटतो. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांच्यासाठी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारखा पर्याय असतो, पण तो निवडण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे.

रक्तदाब मोजायला दोन मिनिटे लागतात. दुकानात पट्टी घेण्याआधी ती दोन मिनिटे उपकेंद्रात घालवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुंबईहून गावी येताना प्रवासात गोळी चालू असेल तर काय काळजी घ्यावी?

गोळी, लांबचा प्रवास आणि कमी पाणी पिणे या तिन्ही गोष्टी चतुर्थीच्या आदल्या रात्री एकत्र येतात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. परळ किंवा विरारहून सुटलेली गाडी मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ, माणगावला अडकते आणि एरवी आठ-नऊ तासांचा रस्ता चौदा तासांचा होतो. मांडीवर पोर, पायाशी पिशव्या, त्यामुळे पाय हलवायला जागा नसते. त्यातच वाटेत धड स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून बायका दुपारपासूनच पाणी पिणे बंद करतात. चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसून राहिल्यानेच पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि गोळीने त्यात भर पडते.

म्हणून गाडी थांबेल तेथे खाली उतरून चार पावले चालावे. बसल्या जागी पावले वर-खाली करून पोटऱ्या हलवत राहाव्यात. पाणी तोडू नये. रेल्वेने येणाऱ्यांना डब्यात उभे राहण्याची तरी सोय असते, तिचा उपयोग करावा. शक्य असेल तर गोळी सुरू होण्याच्या आधीच प्रवास उरकावा. एका पोटरीत दुखून सूज आणि लाली येणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, कधी नव्हे एवढे डोके दुखणे, दिसेनासे होणे किंवा बोबडी वळणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवावी आणि पूजा, पाहुणे यांचा विचार न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

इतर काय त्रास होतात?

मळमळ, स्तन भरून येणे, पोट फुगणे, डोके जड होणे, चिडचिड, उदास वाटणे. ते बहुधा गोळी बंद केल्यावर जातात. जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ कमी होते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेली नाही असे समजून पुन्हा घ्यावी. पावसाळ्यात पोट बिघडण्याचे प्रमाण पाहता हे लक्षात ठेवलेले बरे.

पाळी कायमचीच थांबवून ठेवली तर चालते का?

ज्यांना मिश्र गोळी चालते त्यांनी ती महिनोन्महिने सलग घेतली तरी आरोग्याला त्याचा अपाय होत नाही. सणावाराच्या सोयीपुरताच हा विषय राहू नये, असे मला वाटते. हर्णैच्या बंदरावर पहाटेपासून लिलावाला उभी राहणारी आणि नंतर टोपली घेऊन दारोदार फिरणारी मासळीवाली, काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून बिया सोलणारी बाई, यांना पाळीत कपडा बदलायला आडोसा मिळत नाही. ज्यांना अतिरक्तस्राव होतो, पाळीत असह्य दुखते किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे, त्यांच्यासाठी सलग गोळी हा उपचारच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. दर महिन्याला पाच-सहा दिवस भरपूर रक्त गमावणाऱ्या बाईचे रक्त गोळीने वाचते, हा लाभ लहान नाही. या गोळ्यांमुळे बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो; स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असताना किंचित वाढतो आणि ती बंद केल्यावर काही वर्षांत हळूहळू कमी होतो, हेही सांगायला हवे.

सुरुवातीच्या काही महिन्यांत अधूनमधून डाग पडतात. त्याला घाबरून गोळी सोडू नये. निदान २१ गोळ्या घेऊन झाल्या असतील आणि तीन-चार दिवस सतत रक्त जात असेल, तर चार दिवस गोळी थांबवून पुन्हा सुरू करावी. चारपेक्षा जास्त दिवस थांबू नये.

नॉरेथिस्टेरॉनचे मात्र असे नाही. वर्षातून एकदा-दोनदा ती घेण्यात निरोगी बाईला अडचण नसते. पण गणपती, नवरात्र, आंगणेवाडीची जत्रा, शिमग्याची पालखी, मधल्या काळात दोन लग्ने आणि एक वास्तुशांत, अशा प्रत्येक वेळी पट्टी आणायची असेल, तर डॉक्टरांशी बोलून मिश्र गोळी किंवा दुसरा कायमचा उपाय निवडावा.

पुढे मूल होण्यास अडचण येते का?

नाही. गोळी बंद केल्यावर बहुतेकींचे बीज काही आठवड्यांत पुन्हा सुटू लागते.

छाया, अंतरा किंवा ७२ तासांची गोळी यांनी पाळी लांबवता येते का?

या हेतूने त्यांपैकी काहीही वापरू नये. छाया ही संप्रेरक नसलेली गर्भनिरोधक गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घेतात. तिच्यामुळे काहींची पाळी लांबते हे खरे, पण किती लांबेल ते आपल्या हातात नसते. अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे. ते घेणाऱ्या अनेक स्त्रियांची पाळी कालांतराने बंद होते आणि त्यात काही वावगे नाही, मात्र सुरुवातीला रक्तस्राव अनियमित होतो आणि इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. ७२ तासांची गोळी असुरक्षित संबंधानंतर घेण्यासाठी आहे. तिने पाळीचे वेळापत्रक विस्कटते. सण साधण्याचा तो मार्ग नव्हे.

लिंबू, भिजवलेली डाळ, थंड पदार्थ यांनी पाळी लांबते का?

लांबत नाही.

पंधरा वर्षांच्या मुलीला सणासाठी गोळी द्यावी का?

शक्यतो देऊ नये. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे चक्र बसलेले नसते, त्यामुळे तारखेचा अंदाजच चुकतो. तपासणीच्या वेळी आई सगळे बोलते आणि मुलगी खाली मान घालून बसते, असे वारंवार दिसते. परीक्षा, पोहण्याची स्पर्धा किंवा सहल यांसाठी मुलीने स्वतः विचारले असेल, तर डॉक्टरांनी तिच्याशी बोलून ठरवावे. घरातली शिवाशिव पाळता यावी एवढ्यासाठी कोवळ्या वयात औषध देणे मला मान्य नाही.

सासूबाई गोळी घ्यायला सांगतात, मला घ्यायची नाही. काय करावे?

गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या की नव्या सुनेचा ओवसा असतो, आणि त्या वर्षी माहेर-सासर दोन्हीकडून तिच्यावर डोळे लागलेले असतात. सासूबाईंचाही नाइलाज असतो. त्यांनीही त्यांच्या वेळी हेच सोसलेले असते. तरीही गोळी पोटात जाते ती सुनेच्या, त्रास होतो तो तिला, आणि म्हणून होकार किंवा नकार तिचाच असला पाहिजे. वैद्यकशास्त्रात विटाळ नावाची गोष्ट नाही. पाळी आलेल्या बाईच्या हातचा नैवेद्य चालतो की नाही, हे घराने ठरवावे. पण तो चालत नाही म्हणून तिने औषध घेतलेच पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. जी स्वतःच्या इच्छेने गोळी घेते, तिलाही नावे ठेवू नयेत. वर्षातून एकदा सगळे घर भरलेले असताना आपणही आरतीला उभे राहावे, असे तिला वाटले तर ते समजण्यासारखे आहे.

डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना सोबत नेण्यास हरकत नाही. रक्तदाब जास्त आहे किंवा अर्धशिशी आहे म्हणून गोळी देता येत नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की घरातला वाद पुष्कळदा तेथेच मिटतो.

गोळी बंद केल्यावर पाळी आलीच नाही तर?

बहुतेकींना दोन-तीन दिवसांत येते, काहींना आठवडा लागतो. आठ-दहा दिवस उलटूनही पाळी आली नाही तर प्रथम लघवीची तपासणी करावी. गर्भ राहिला असेल तर गोळ्या किती आणि कोणत्या तारखांना घेतल्या ते डॉक्टरांना सांगावे. त्यासाठी रिकामी पट्टी जपून ठेवावी. तपासणीत काही आढळले नाही तर आणखी आठवडाभर वाट पाहून डॉक्टरांकडे जावे, आणि पाळी आणण्यासाठी दुकानातून दुसरी गोळी आणू नये. आलेली पाळी नेहमीपेक्षा थोडी जास्त असेल तर चिंता नाही; मात्र तासाला एक याप्रमाणे सलग दोन-तीन तास पॅड पूर्ण भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जावे. त्यानंतरची पाळी आपल्या नेहमीच्या अंतराने येते, पण मोजणी या नव्या तारखेपासून सुरू होते. दिनदर्शिकेवर फुली त्या तारखेला करावी, म्हणजे नवरात्राचा हिशेब चुकणार नाही.